अर्धी प्रदक्षिणा

संक्रांतीच्या आधी कुसा मळ्यात पडली आणि त्यानंतर ती ओट्यावरून खाली उतरेना.

पडणं तसं फार मोठं नव्हतं. कोथिंबिरीला पाणी देत ती बांधावरून चालत होती. आमचा हा बांध विहिरीपाशी संपतो. तिथे उजव्या हाताला विहिरीचा कठडा आहे, त्यामुळे मागे फिरायचं तर डावीकडूनच वळावं लागतं. बांध ओला होता, हातात फावडं होतं. वळताना पाय सरकला आणि तिने डावा हात खाली टेकला. मनगटाचं हाड मोडलं. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, यथावकाश काढलं, आणि हाड छान जुळलं असं सांगितलं. हात बरा झाला, पण पायांनी धसका घेतला. माझी बायको जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन, मागून येणाऱ्या बाईशी मान न वळवता बोलत त्या बांधावरून चालत आली होती. आता ती न्हाणीपर्यंत जायची तीही भिंतीला हात लावत.

मखमलाबादच्या शिवारातला हा मळा कागदावर माझा आहे, पण केला तो तिने. मी शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. सकाळी सायकलवरून जायचं, संध्याकाळी यायचं. मेथी आणि शेपू मला पानावरून ओळखता येतात, त्यापलीकडे माझं शेतीचं ज्ञान जात नाही. ओल्या बांधावर मी कधी चाललो नाही. मला भीतीच वाटायची, आणि कुसाने मला कधी चालायला लावलं नाही.

पाडव्याला आमचा मुलगा सोमनाथ सिन्नरहून आला. तिथल्या कारखान्यात तो नोकरीला आहे. तिथेच त्याचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये त्याने आईसाठी धरायला दांडा बसवून घेतला होता. जेवण झाल्यावर तो आईजवळ बसला.

"आई, आता बास झालं. दसऱ्याचा झेंडू निघाला की मळा वाट्याने देऊन टाकू. तुम्ही दोघं आमच्याकडे चला."

"आणि तिथं मी काय करू?"

"आराम कर. आयुष्यभर केलास का कधी?"

"म्हणूनच इचारते. मला येत नाय ते."

सोमनाथ हसला, पण लगेच गंभीर झाला. "एकदा मनगटावर निभावलं. पुढच्या खेपेला खुबा मोडला म्हणजे? मी तिकडे कामावर, तात्या इकडे पुस्तकात. तुला उचलायचं कोणी?"

कुसाने पदर सारखा केला. मग म्हणाली, "दसऱ्याचा झेंडू मी माझ्या हातानं तोडीन. विहिरीपतूर जाऊन, पाटी भरून, माझी मी माघारी येईन. आले तर हितंच राहीन. नाय आले, तर तू म्हणशील तिथं येते. मग एक शब्द बोलायची नाय."

"आई, तू ओट्यावरून उतरत नाहीस अजून."

"दसरा उद्या हे का?"

खरं सांगायचं तर मला सोमनाथचं पटत होतं. त्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी एक आरामखुर्ची आहे आणि उजेड चांगला येतो. मी तिथे सुखाने राहिलो असतो. पण कुसा शब्द देऊन बसली होती आणि तिचा शब्द मी ओळखतो. सिन्नरला गेली तर ती खरोखरच एक शब्द बोलणार नाही, कशाबद्दलच. त्या न बोलण्याची मला भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी आम्ही पुन्हा द्वारकेला गेलो. तिथे व्यायाम शिकवणारी संध्या नावाची मुलगी आहे. तिने कुसाला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं.

"मावशी, तुम्ही पडायला इतक्या घाबरता की त्यानेच पडाल," ती म्हणाली. "बघा, मान खाली, पाय ताठ, पाऊल एवढंसं. असं चाललं की तोल जास्तच जातो."

तिने खुर्चीला धरून करायचे काही व्यायाम दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चीनमध्ये एक अगदी सावकाश करायचा व्यायाम आहे, ताई ची म्हणतात. त्याच्याच जातीचा श्वासाचा व्यायाम म्हणजे ची गाँग. म्हाताऱ्या माणसांवर त्याचे बरेच अभ्यास झालेत. नेमाने करणारे कमी वेळा पडतात आणि पडायची भीतीही कमी होते. हाडं नवी होत नाहीत काका, पण पायांना बळ येतं आणि वजन कुठल्या पायावर आहे ते पुन्हा कळायला लागतं."

ते नाव ऐकून मला एक पुस्तक आठवलं. पातळ, इंग्रजी, रेघांच्या चित्रांचं. आमच्या ग्रंथालयात ते क्रीडा विभागात होतं आणि माझ्या सबंध नोकरीत ते कोणी मागितलेलं मला आठवत नाही. मी कॉलेजात गेलो. पुस्तक त्याच कपाटात होतं. ते घेऊन मी संध्याकडे गेलो, कारण पुस्तकातली गोष्ट माझ्यासारख्याने एकदम दुसऱ्याच्या हाडांवर करून बघावी, हे मला बरोबर वाटेना. तिने चित्रं चाळली आणि मोजक्या हालचाली निवडून दिल्या. "गुडघे फार वाकवायचे नाहीत. शेजारी खुर्ची ठेवायची. चक्कर आली तर थांबायचं. आणि जे उजवीकडे कराल ते डावीकडेही करा. आपली एक बाजू नेहमी आळशी असते."

कुसाला शिकवण्याआधी मला स्वतःला यायला हवं होतं. मी पहाटे उठून कांद्याच्या चाळीमागे जायचो, म्हणजे कोणाला दिसू नये. पाय खांद्याएवढे फाकवून, मोठा भोपळा कवेत धरल्यासारखे हात करून उभं राहायचं आणि श्वास पोटापर्यंत जाऊ द्यायचा. मग हात एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचे, ढग सरकावेत तसे. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर, अगदी हळू. मला वाटलं होतं यात काय अवघड आहे. पण हळू करायचं म्हटल्यावर माझी पोटरी थरथरायला लागली, आणि इतकी वर्षं आपण पायांवर नुसतं भरवशाने उभे होतो हे माझ्या लक्षात आलं.

शेजारच्या मळ्यातल्या रंगूबाईने मला पाहिलं. ती थेट आमच्या ओट्यावर गेली. मी परत आलो तेव्हा तिचं बोलणं कानावर पडलं.

"कुसे, तुझ्या मालकांच्या अंगात येतं का गं?"

"कोणाच्या?"

"तात्यांच्या. चाळीमागं हात फिरवीत व्हते. पण घुमत नायत. लय सावकाश येतंय. सरकारी देव असंल."

कुसा हसली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली. मी दाराआड उभा राहून लाजेने अर्धा झालो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चाळीमागे हात फिरवत होतो, तर समोर काठी टेकत कुसा उभी. ओट्यावरून उतरून, अंगण ओलांडून एकटी आली होती.

"हे काय, हवा सारवताय का?" ती म्हणाली.

मी थांबलो. "तुझ्यासाठीच शिकतोय."

"मग दावा की. लपून काय करताय?"

मी तिला खुर्ची आणून दिली, धरायला. मग पाऊल कसं टाकायचं ते दाखवलं. टाच आधी टेकायची, पण वजन मागच्याच पायावर ठेवायचं. पुढची जमीन खरी आहे याची खात्री झाली की मगच वजन पुढे न्यायचं. घाई नाही. मागचा पाय उचलायचा तो सगळ्यात शेवटी.

तिने करून बघितलं. पुढचा पाय टेकला आणि लगेच अंग पुढे टाकलं.

"आधी वजन नको," मी म्हणालो.

"किती वेळ मागं ठेवायचं?"

"भीती वाटेनाशी होईपर्यंत."

तिने पाय मागे घेतला. मग म्हणाली, "मग लय वेळ लागंल."

"लागू दे."

वेळ लागला. रोज पहाटे आम्ही अंगणात उभे राहायचो. ती कधी वैतागायची, म्हणायची, एवढ्या वेळात मी वाफा खुरपून काढला असता. कधी मलाच वाटायचं की आपण हिला फसवतो आहोत, हात हलवून कोणाचा तोल सुधारतो का. पण आधी तिने खुर्चीचा हात सोडला, मग काठी दाराशी राहू लागली, आणि एके दिवशी ती तुळशीला पाणी घालून आली तेव्हा भिंतीला हात लावायचं विसरली होती. मी तिला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला भिंत आठवली असती.

पावसाळ्यात अंगणात चिखल झाला. तेव्हा रंगूबाईनेच सुचवलं की मारुतीच्या देवळात चला, मंडपात फरशी आहे आणि वर पत्रा आहे. शिवाय तिलाही करायचं होतं. तिच्याबरोबर वत्सलाबाई आली आणि कलाबाई आली. या तिघींनी जन्मभर उकिडवं बसून भाजी खुडलेली. वत्सलाबाईचे गुडघे दुखायचे, कलाबाईला धाप लागायची.

"याला म्हणत्यात काय?" कलाबाईने विचारलं.

"ताई ची," मी म्हणालो.

"कुठल्या ताईची?" रंगूबाई म्हणाली आणि त्या इतक्या हसल्या की पुजारी बघायला बाहेर आला.

चार बायकांसमोर उभं राहून बोलायचं या कल्पनेने मला घाम फुटला होता. मी आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस. माझा आवाज मंडपाच्या मागच्या खांबापर्यंत पोहोचायचा नाही. तेव्हा कुसा पुढे उभी राहून माझं म्हणणं मोठ्याने सांगायची, आणि तिच्या भाषेत. ढगांचे हात म्हणजे 'सारवण'. भोपळा तसाच राहिला. एका पायावर उभं राहायचं त्याचं पुस्तकात कोंबडा असंच नाव होतं, ते सगळ्यांना पसंत पडलं. हळूहळू वत्सलाबाई ओट्यावरून उठताना 'आई गं' म्हणायची थांबली. कलाबाई म्हणाली की आता तिला झोप लागते. माझा स्वतःचा वाढलेला रक्तदाबही जरा खाली आला. डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवायला सांगितली, पण 'जे करताय ते सोडू नका' असंही म्हणाले.

व्यायामाच्या शेवटी आम्ही तीच सावकाश पावलं टाकत गाभाऱ्याभोवती फेऱ्या घालायचो. जागा तेवढीच होती. पहिल्याच दिवशी, उजवीकडून काही फेऱ्या झाल्यावर मी म्हणालो, "आता उलट्या बाजूने."

बायका जागच्या जागी थांबल्या.

"उलट्या?" कलाबाई म्हणाली. "मारुतीला उलटी प्रदक्षिणा?"

"प्रदक्षिणा नाही, व्यायाम आहे," मी म्हणालो, पण अगदी हळू.

"देवाला काय म्हाईत व्यायाम हे का काय हे? त्याला दिसणार बाया उलट्या फिरत्यात."

मी गप्प बसलो. संध्याचं बोलणं मला आठवत होतं. पण चौघी एका बाजूला, मी एका बाजूला, आणि वर मारुती. मला वाटलं, उजवीकडून तर उजवीकडून, काही नसण्यापेक्षा बरं. सबंध पावसाळा आम्ही एकाच बाजूने फिरलो.

भाद्रपदात गौरी आल्या. सोमनाथ आणि सूनबाई मनीषा आदल्या दिवशीच आले होते. मळ्यातला झेंडू नुकता फुलायला लागला होता. गौरीला फुलं हवीत म्हणून कुसा सकाळी उठली आणि परडी घेऊन सरळ बांधावर गेली. कोणाला विचारलं नाही. मी ओट्यावरून बघत होतो. ती चांगली चालत होती, मान वर, पाऊल खात्रीचं. माझ्या छातीत काहीतरी फुलल्यासारखं झालं. मी सोमनाथला हाक मारली, "बघ."

तो बाहेर आला तेव्हा ती विहिरीपाशी पोहोचली होती. फुलं तोडून ती मागे वळायला लागली. डावीकडे. आणि मध्येच अडकली. एक पाय वळला, दुसरा वळेना. तोल गेला. पण या वेळी तिने हात टेकला नाही. गुडघे सैल सोडले, अंग खाली नेलं आणि ती वाफ्यातल्या चिखलात बसली. परडी मांडीवर होती तशी होती.

सोमनाथ धावत गेला. तिला लागलं नव्हतं. लुगडं भिजलं होतं तेवढंच. पण तो तिला हाताला धरून घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मनीषाने तिच्या पायांवर पाणी घातलं.

"झालं समाधान?" सोमनाथ म्हणाला.

"दसरा अजून आला नाय," कुसा म्हणाली. पण तिचा आवाज पाडव्याचा नव्हता.

तो माझ्याकडे वळला. "तात्या, तुम्ही तरी समजून घ्या. पुस्तकातलं पुस्तकात ठेवा. नशीब म्हणून चिखल होता. दगड असता म्हणजे?"

"मामंजी, ते रागाने नाही बोलत," मनीषा म्हणाली. "रात्री फोन वाजला तरी दचकून उठतात, इकडचा असेल म्हणून."

गौरी जेवल्या, पाहुणे आले, गेले. मी कोपऱ्यात बसून होतो. मनात एकच गोष्ट फिरत होती. सोमनाथ बरोबर असेल. मी एका चित्रांच्या पुस्तकाच्या जोरावर बायकोचा खुबा पणाला लावला असेल. मग मी कुसाकडे बघायला लागलो. ती चुलीकडून फडताळाकडे वळली, उजवीकडून. फडताळाकडून गौरीकडे वळली, तेही उजवीकडून, लांबचा फेरा घेऊन. डावीकडे दोन पावलांवर असलेली घागर तिने पूर्ण गोल फिरून उचलली. दिवसभर मी पाहत होतो. ती डावीकडे वळतच नव्हती. पडली त्या बाजूची भीती तशीच राहिली होती, आणि पावसाळाभर एकाच बाजूने फिरवून मी ती आणखी पक्की केली होती.

संध्याने सांगितलं होतं. मला माहीत होतं. मी फक्त बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी देवळात बायका जमल्या. कुसा आली होती, पण खांबाला टेकून बसली होती. मी पुढे उभा राहिलो.

"आजपासून डावीकडूनही फिरायचं," मी म्हणालो. माझा आवाज मागच्या खांबापर्यंत गेला असावा, कारण पुजाऱ्याने मान वळवली.

"तात्या, ते नाय जमायचं," रंगूबाई म्हणाली. "कोणी बघितलं तर गावात तोंड दावायची सोय नाय."

"आणि साडेसाती लागली म्हंजी?" कलाबाई म्हणाली. "ती काय तुमचं पुस्तक उतरवणार हे का?"

"मारुतीला उलटं फिरा असं मी म्हणणार नाही," मी म्हणालो. "मलाही ते करवणार नाही. पण डावी बाजू केल्याशिवाय मी पुढे शिकवणारही नाही. काल कुसा पडली ती डावीकडे वळताना. आधी पडली तीही डावीकडे वळताना. उद्या तुमच्यातली कोणी पडेल. हे मी पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवं होतं."

इतकं सलग बोललेलं त्यांनी मला कधी ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं.

खांबाजवळून कुसा म्हणाली, "महादेवाला कुठं पुरी प्रदक्षिणा असती?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"वढ्याच्या महादेवाकडं चला की. त्याची पन्हळ वलांडायची नाय. पन्हळीपतूर जायचं, माघारी फिरायचं. पलीकडून पुन्हा पन्हळीपतूर यायचं. निम्मी फेरी सुलटी, निम्मी उलटी. देवाचाच नियम हे."

रंगूबाईने कपाळावर हात मारला. "आणि आपण पावसाळाभर हितं गोल गोल फिरतोय."

"हितं पत्रा व्हता," वत्सलाबाई म्हणाली.

ओढ्याकाठचं महादेवाचं देऊळ जुनं, लहान, वर्दळ नसलेलं. गाभाऱ्यातल्या पिंडीवरचं पाणी बाहेर काढायला भिंतीतून दगडी पन्हळ काढलेली आहे. ती ओलांडायची नाही हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आम्ही तिथे गेलो. देवळाभोवतीचा दगड ओबडधोबड होता, मंडपाच्या फरशीसारखा सपाट नव्हता. मी क्षणभर कचरलो. मग मनात आलं, बांध तरी कुठे सपाट आहे. दोन खुर्च्या मात्र मी पन्हळीच्या दोन्ही बाजूंना नेऊन ठेवल्या.

उजवीकडून निघायचं. पन्हळीशी थांबायचं. देवाला पाठ नको म्हणून देवळाकडे तोंड करून वळायचं, आणि आल्या वाटेने परत. आता देऊळ डाव्या हाताला. सबंध वळसा घालून पन्हळीच्या दुसऱ्या बाजूला यायचं आणि तिथेही देवाकडे तोंड करून वळायचं. म्हणजे एका टोकाला उजवीकडून, दुसऱ्या टोकाला डावीकडून. मी काहीही सांगायची गरज उरली नाही.

पहिल्या दिवशी कुसा दुसऱ्या टोकाला आली आणि अडकली. एक पाय वळला, दुसरा वळेना. तिने खुर्ची घट्ट धरली. मी जवळ गेलो, पण हात पुढे केला नाही.

"टाच टेक," मी म्हणालो. "वजन मागेच राहू दे."

"मागचा पाय थरथरतोय."

"थरथरू दे. श्वास सोड."

ती उभी राहिली. तिच्या मागे रंगूबाई, वत्सलाबाई, कलाबाई, सगळ्या एकामागे एक थांबल्या. कोणी घाई केली नाही. मग तिने टाच टेकली, थांबली, वजन हळूच नेलं, आणि वळली.

"एवढंच?" ती म्हणाली.

पितृपक्षात आम्ही एकही दिवस चुकवला नाही. पाऊस आला तर डोक्यावर पोतं घेऊन गेलो. नवरात्रात बायका अनवाणी असतात, तेव्हा त्या ओल्या दगडावर अनवाणीच फिरल्या. कुसाने आधी डावीकडची खुर्ची मागे सरकवली, मग मला उचलून न्यायला सांगितली. घरातही ती डावीकडे वळायला लागली. मुद्दाम वळायची. घागर उजवीकडे असली तरी डावीकडून वळसा घालून घ्यायची आणि माझ्याकडे बघायची.

मी मात्र आतून घाबरलेला होतो. रोज मनात म्हणायचो, अजून वेळ आहे, तिला थांबवावं का. आणि रोज पहाटे उठून तिच्याबरोबर जायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू तोडायचा होता. सोमनाथ मनीषाला घेऊन आला. उजाडलं तेव्हा सगळं शिवार पिवळं-केशरी दिसत होतं आणि दव पडल्यामुळे बांध ओला होता. रंगूबाई आमच्याच कडेच्या सरीत काहीतरी खुरपत बसली होती. तिथे खुरपण्यासारखं काही नव्हतं.

कुसाने पदर खोचला, कमरेला पाटी लावली आणि ती बांधावर चढली. सोमनाथ ओट्याखाली उभा होता, हाताची घडी घालून. तोडत, पुढे सरकत ती विहिरीपर्यंत गेली. पाटी भरली. मग ती थांबली.

मला माहीत होतं ती काय करते आहे. श्वास पोटापर्यंत जाऊ देत होती. सोमनाथला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं ती अडकली. त्याने चप्पल भिरकावली आणि तो बांधावर धावला.

"मागं हो," कुसा म्हणाली. तिने मान वळवली नव्हती. "बांध एकाचा हे. दोघं आलो तर दोघं पडू."

तो थांबला.

"आई, पाटी तरी खाली ठेव."

"भरली पाटी खाली ठेवायला घेतली का मी? उतर तू."

तो उतरला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला धीर द्यायला की स्वतः आधार घ्यायला, सांगता येत नाही.

कुसाने डावी टाच उचलली, बाहेरच्या बाजूला टेकली. वजन मागे. पाटीतलं एकही फूल हललं नाही. मग अंग वळलं, सावकाश, ढग सरकावा तसं. मागचा पाय सगळ्यात शेवटी सुटला आणि पुढच्याच्या शेजारी येऊन टेकला. आता तिचं तोंड आमच्याकडे होतं. ती चालत आली, जशी पूर्वी यायची तशी नाही, त्याहून हळू, पण पाऊल एकदाही न चाचपडता. बांधावरून उतरली आणि पाटी सोमनाथच्या हातात दिली.

"धर. तोरणाची फुलं यातूनच काढ, मग बाकीची बाजाराच्या टेंपोत भर."

सोमनाथ पाटी धरून उभा राहिला. "आणि पुढच्या दसऱ्याला?" त्याने शेवटी विचारलं.

"पुढच्याला पुन्हा हेच. तोडता आला तर हितं. नाय आला तर तुझ्याकडं. मी कुठं नाय म्हणते?"

"मग मी बघून ठेवलेला वाटेकरी..."

"त्याला सांग, म्हातारी उभी हे अजून."

मनीषा हसली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. सरीतून रंगूबाई म्हणाली, "तात्या, तुमचा देव पावला बगा. लय सावकाश, पण पावला."

कुसाने ओट्यावरची दुसरी, रिकामी पाटी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"आता तुम्ही."

"मी?"

"पलीकडची झेंडूची वळ राहिली हे. मी एकटी किती तोडू?"

मी बांधाकडे पाहिलं. दव अजून वाळलं नव्हतं. आमच्या लग्नापासून तो बांध तिथेच होता आणि त्यावरून न चालण्यासाठी मी दर वेळी काही ना काही कारण शोधलं होतं. आता एकही सुचेना. मी चप्पल काढली, पाटी घेतली आणि टाच टेकली. वजन मागेच ठेवलं. पुढची जमीन ओली होती, थंड होती, पण खरी होती. मग मी वजन पुढे नेलं.